टोकाची नळी

तपासनीसबाईंकडे येणारी माणसं आधी खुर्चीवर बसतात, मग रडतात आणि मग मुद्द्याचं बोलतात. त्या दिवशी आलेली तरुणी यातलं काहीच करेना. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालू होत्या. बोलणं मात्र एकाच जागी अडकलं होतं.

“माझं रक्त कुणीतरी खोटं पाडतंय,” ती म्हणाली. फिरून आली आणि पुन्हा तेच म्हणाली.

कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांनी नवा चष्मा नाकावर वर सरकवला. मास्तर म्हणजे बाईंचे शेजारी. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, आणि निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा बाईंबरोबर हिंडणं बरं, असं त्यांनी ठरवलं. सुनेनंही ते आनंदानं मान्य केलं. मास्तरांचं डोकं जरा सावकाश चालायचं, पण बाईंना त्यांच्याशिवाय करमत नसे.

“खोटं म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा थोरला भाऊ डायलिसिसवर होता. दोन्ही किडन्या निकामी. यंत्राला जोडण्यासाठी हातावर जी शीर तयार केली होती, तीही आता दाद देईनाशी झाली होती. घरात जुळणारी किडनी एकाच माणसाची निघाली, हिची. हिनं एका क्षणात हो म्हटलं. बाकी सगळ्या तपासण्या पार पडल्या आणि गाडी एका साध्या तपासणीवर येऊन अडली: ई.एस.आर. रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात, एवढंच ती मोजते. हिचा आकडा तिन्ही वेळा वर आला. अंगात कुठेतरी लपलेला आजार आहे असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांना क्षयाचा संशय होता. छातीचे फोटो झाले, आणखी दहा तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ. तरी हा एक आकडा काही खाली येईना.

“बाहेरच्या लॅबमध्ये केलं तर अगदी व्यवस्थित येतो,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, बाहेरचं आम्ही धरत नाही. परवा शेवटची तपासणी. तीही वाईट आली तर माझं नाव कटाप. मग दादा जाणार, मॅडम. दुसरं कुणी नाही आम्हाला.”

एवढं बोलून ती अखेर बसली, पण पाय हलतच राहिले.

कुणाचा संशय येतो असं बाईंनी विचारलं. ती खाली बघत म्हणाली की नवऱ्याला हे सगळं पसंत नाही.

*

नवरा शाळेची बस चालवायचा. मुलांना सोडून रिकामी बस धुताना तो सापडला. बाईंनी ओळख सांगताच त्यानं पाण्याची बादली खाली ठेवली आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला.

आपण पहिल्या दिवसापासून विरोधात आहोत, हे त्यानं लपवलं नाही. मुलगी लहान आहे. बायकोला उद्या काही झालं तर घराचं काय? तो हे बायकोला बोलला होता, मेव्हण्याला बोलला होता, डॉक्टरांनाही बोलला होता. “पण जे काय ते तोंडावर,” तो म्हणाला. “पाठीमागून काड्या करायचा माझा स्वभाव नाही. आणि लॅबमध्ये मी पाऊलही टाकत नाही. रक्त बघितलं की मला घेरी येते. हसा खुशाल.”

मास्तर खरंच हसले, आणि बाईंनी डोळे वटारल्यावर खोकल्यासारखं करून थांबले.

“मग आकडा वाढला तेव्हा सुटलो, असं वाटलं असेल तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याचा चेहरा एकदम उतरला होता. आकडा वाढल्यापासून घरात कुणाला धड झोप नाही, असं त्यानं सांगितलं. छातीचे फोटो त्यानंच काढून घेतले, आणि एकावर विश्वास बसेना म्हणून दुसरीकडे पुन्हा काढले. क्षय असेल या भीतीनं बायको मुलीला जवळ झोपू देत नव्हती. तिची ताटवाटी वेगळी, पांघरूण वेगळं. पोरगी दाराशी बसून रडायची.

“दादा तेवढे म्हणतात, उगाच घाबरू नका, तिला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “परवा दवाखान्यात पोरीला म्हणाले, जा, आईच्या कुशीत झोप खुशाल. त्यांना बोलायला काय जातंय? घरात बघायचं आम्हाला आहे.”

परतताना मास्तर म्हणाले की माणूस सरळ वाटतो, आणि सरळ वाटणारी माणसंच बहुधा गुन्हेगार निघतात.  बाई भराभर चालत होत्या आणि मास्तरांची दमछाक होत होती.

*

भाऊ डायलिसिसच्या दालनात होता. एका हातातून नळ्या यंत्राकडे गेलेल्या, आणि दुसऱ्या मोकळ्या हातानं तो परिचारिकेचं रक्तदाब मोजायचं यंत्र उघडून बसला होता. त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. वाण्याच्या तराजूपासून सोनाराच्या नाजूक काट्यापर्यंत काहीही तो दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला काटेवालेच म्हणत. मांडीवर छोट्या हत्यारांची पिशवी. या दालनात तो इतकी वर्षं येत होता की परिचारिका त्याच्याशी घरच्यासारख्या वागत.

“इथं पडून पडून माणूस गंजतो हो,” तो हसून म्हणाला. “काहीतरी खुडबूड पाहिजे हाताला.”

बाईंनी एकेकाचं नाव काढलं. काटेवाल्यानं एकेकाला निर्दोष सोडलं. भावोजी देवमाणूस. लॅबमधली ताई कामाला चोख, तिच्याकडून चूक होणं शक्य नाही. डॉक्टरांसारखा काळजी घेणारा माणूस नाही. एखाद्या न्यायाधीशानंही एका दमात इतक्यांना सोडलं नसतं.

“मग चूक कुणाची?”

“कुणाचीच नाही. नशिबात नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं,” तो म्हणाला. “तुम्ही तिला समजावा. म्हणावं, तू केलंस तेवढं पुष्कळ झालं, आता पुरे. माझं ऐकत नाही ती. लहानपणापासून हट्टी.”

तेवढ्यात बहीण डबा घेऊन आली. पेजेची वाटी स्टुलावर ठेवून ती चार हात लांब जाऊन उभी राहिली आणि तिनं पदर तोंडावर धरला. काटेवाला चिडला. म्हणाला, हे काय नाटक, इकडे ये. त्यानं तिला ओढून शेजारी बसवलं, त्याच वाटीतून एक घोट तिला घ्यायला लावला आणि उरलेली पेज स्वतः प्यायला. परिचारिका लांबून ओरडली की तुम्हाला साधी सर्दी झाली तरी महागात पडेल. त्यानं मोकळा हात उडवून तिला गप्प केलं.

बाहेर आल्यावर मास्तर गहिवरले होते. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं त्यांचं मत पडलं. बाई म्हणाल्या, भाग्य लागतं खरं, आणि जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करत उतरल्या.

*

लॅब तळमजल्यावर होती. तिथं काम करणाऱ्या ताईचे डोळे सुजलेले होते. अजून एकदा आकडा चुकलाय असं निघालं तर घरी बसा, असं तिला सुनावण्यात आलं होतं, आणि आपल्या हातून काय चुकतंय हे तिला कळत नव्हतं.

तरी काम समजावून सांगायला लागली तशी ती खुलली. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचं. मग ते काचेच्या अरुंद, लांब नळीत भरायचं, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि तासभर बोटही लावायचं नाही. तांबड्या पेशी खाली बसत जातात आणि वर पिवळसर पाणी उरतं. तासानं ते पाणी किती मिलिमीटर झालं, तो आकडा. अंगात कुठे सूज असली की पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानं उतरतात आणि आकडा वाढतो. खोलीत उकाडा असला, नळीला धक्का बसला किंवा नळी कलती राहिली, तरीही वाढतो.

“म्हणून ही पाणसळ,” स्टँडच्या पायाशी बसवलेल्या इवल्याशा बुडबुड्यावर तिनं बोट ठेवलं. “बुडबुडा मधोमध असला म्हणजे स्टँड सरळ. रोज सकाळी आधी हे बघते, मग देवापुढे दिवा लावते.”

स्टँडला एका ओळीत दहा खाचा होत्या. खाली रबराची बैठक, वर नळीला धरून ठेवणारा चाप. टोकाच्या खाचेला निळा दोरा बांधलेला होता. बाईंनी विचारल्यावर ताईनं सांगितलं की ती खाच फक्त किडनी देणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली. एकदा दोन नळ्यांची अदलाबदल होता होता वाचली, तेव्हापासून हा नियम. दात्याचं रक्त इतरांच्या रांगेत जायचं नाही. तपासणी कुणीही करो, दात्याची नळी टोकालाच.

“असे दाते किती येतात?”

“छोटं हॉस्पिटल आहे आमचं. गेल्या काही महिन्यांत या ताईच तेवढ्या.”

स्टँड जुना दिसत होता, चाप मात्र चकचकीत. ताई म्हणाली, सगळे सैल झाले होते, नळ्या डुगडुगायच्या. या किडनी देणाऱ्या ताईंची पहिली तपासणी व्हायच्या आधीच घट्ट करून घेतले. बाहेर कुठे पाठवावंही लागलं नाही, इथल्या इथे काम झालं.

बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला: दात्यांशी तिचं कधी बोलणं होतं का? ताई कचरली. या बहिणीला आपण एकदा म्हटलं होतं खरं, की नीट विचार करा, घाई करू नका. ते सगळ्यांनाच म्हणते. मास्तरांनी बाईंकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. बाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं.

*

परवाचा दिवस उजाडला. बाईंनी डॉक्टरांचं डोकं खाऊन एक गोष्ट कबूल करून घेतली होती. बाहेरच्या लॅबचा माणूस स्वतःचा स्टँड घेऊन इथंच येईल आणि शेजारच्या खोलीत तीच तपासणी करेल. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून तयार झाले. आपल्या हाताखाली किडनी देणारी एक बाई पूर्वी दगावता दगावता राहिली होती, तेव्हापासून आपण आकड्याशी तडजोड करत नाही, असं त्यांनी बजावलं.

रक्त एकाच शिरेतून, एकाच वेळी काढलं गेलं. औषध एकाच बाटलीतलं, दोन्ही नळ्या बाईंनी आणलेल्या एकाच नव्या पेटीतल्या. एक नळी शेजारच्या खोलीत गेली. दुसरी ताईनं टोकाच्या खाचेत उभी केली. नळी बसली नीट. इतर खाचांमध्ये रोजच्या रुग्णांच्या नळ्या होत्या. डॉक्टरांनी पाणसळ स्वतः पाहिली. बुडबुडा मधोमध होता.

मग तास सुरू झाला. डॉक्टर स्टँडसमोर हाताची घडी घालून उभे राहिले, बाई त्यांच्या शेजारी. मास्तरांना बसायला जागाच नव्हती. स्टँडच्या टोकाला लागून फ्रिज होता. फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या बेचक्यात एक स्टूल कोंबलेलं होतं. तिथं ते कसेबसे अंग चोरून बसले. खिडकीला जाड पडदा, पंखा बंद, रक्त फिरवायचं यंत्रही बंद. दाराबाहेर बहीण फेऱ्या मारत होती, तिच्या चपलांचा आवाज आत येत होता. नवरा लांब बाकावर पाठ करून बसला होता.

अर्धा वेळ गेला असेल. मास्तर कुजबुजले, “बाई, ती शेवटची नळी पेंगतेय बघा.”

बाईंनी पाहिलं. दहाच्या दहा नळ्या सैनिकांसारख्या ताठ होत्या. डॉक्टरांनीही पाहिलं.

“चष्म्याचा नंबर पुन्हा काढून घ्या मास्तर,” बाई म्हणाल्या. मास्तरांनी चष्मा पुसला आणि ओशाळून दुसरीकडे बघत राहिले.

तास संपला. डॉक्टरांनी स्वतः वाकून आकडा वाचला. एकतीस. इतर रुग्णांचे आकडे जिथे असायला हवे होते तिथेच. शेजारच्या खोलीतून बाहेरच्या लॅबचा माणूस आला आणि म्हणाला, सतरा; वीसच्या आत, म्हणजे ठीक.

दारात उभ्या असलेल्या बहिणीनं दोन्ही आकडे ऐकले. ती भिंतीला टेकली. “आता काय करू मी?” एवढंच ती म्हणाली, तेही कुणाला उद्देशून नव्हे.

डॉक्टर चक्रावले होते. एक रक्त, एक वेळ, दोन आकडे. बाई खोलीतल्या खोलीत गरागरा फिरू लागल्या, मध्येच थांबल्या, स्टँडसमोर उभ्या राहून त्याच्याकडे रोखून पाहू लागल्या. मग वळल्या.

“मास्तर, तुम्ही मघाशी कुठे बसला होता?”

मास्तरांनी निमूटपणे बेचक्यातलं स्टूल दाखवलं. बाई जाऊन त्या स्टुलावर बसल्या. बसल्या त्या बऱ्याच वेळानं उठल्या. उठल्यावर त्यांनी मास्तरांची माफी मागितली, आणि असं पूर्वी कधी घडलं नव्हतं म्हणून मास्तर घाबरले.

*

सगळ्यांना डायलिसिसच्या दालनातच जमावं लागलं, कारण काटेवाला यंत्राला जोडलेला होता. बहीण त्याच्या पायाशी उभी होती, नवरा दारात, ताई डॉक्टरांच्या मागे. बाईंनी स्टँड आणून खाटेसमोरच्या टेबलावर ठेवला. पाणसळ बघून स्टँडचे पाय सारखे केले. टोकाच्या खाचेत रिकामी नळी उभी केली.

“डॉक्टर, ही नळी कशी दिसते?”

“सरळ.”

बाईंनी अख्खा स्टँड अलगद फिरवून त्याची बाजू डॉक्टरांकडे केली आणि पाणसळ पुन्हा मधोमध आणली. नऊ खाचा रिकाम्या होत्या. दहावीतली नळी मागच्या बाजूला चांगली बोटभर कलली होती.

डॉक्टरांनी वाकून चाप बोटानं चाचपला. 

“पाणसळ स्टँडची साक्ष देते, नळीची देत नाही,” बाई म्हणाल्या. “ही खाच तेवढी बदललेली आहे. खालची रबराची बैठक किंचित पुढे आणि वरचा चाप किंचित मागे. त्यामुळे नळी समोरच्या माणसापासून लांब, मागे कलते. समोर उभं राहणाऱ्याला ते दिसत नाही, आणि बाजूला फ्रिज असल्यामुळे बाजूनं कुणी बघत नाही. मास्तर तिथं अडकून बसले म्हणून त्यांना दिसलं आणि मी त्यांच्या चष्म्याला नावं ठेवली. कलत्या नळीत पेशी काचेच्या कडेला टेकतात आणि कडेकडेनं घसरत भराभर खाली येतात. रक्तात काही दोष नसताना आकडा वाढतो.”

ताईच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. चूक आपल्या हातांची नव्हती, हे तिला तेव्हा कळलं.

“म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं,” डॉक्टर म्हणाले.

“मुद्दाम, आणि नेमकं हिच्यासाठी. टोकाची खाच दात्यांची, हे ज्याला माहीत होतं त्यानं. आता एकेकाला बघू. ताईला आकडा वाढवायचा असता तर तिनं तो नुसता वाढवून लिहिला असता, खाच वाकवायची गरज नव्हती. आणि तीन वेळा बोलणी खाऊनही ती खाच तशीच ठेवून चौथ्यांदा डॉक्टरांसमोर उभी राहिली नसती.”

मग बाई नवऱ्याकडे वळल्या. “यांचा विरोध उघड होता, म्हणून सगळ्यांचा संशय यांच्यावर. पण आकडा वाढल्यावर हे दोन-दोन ठिकाणी फोटो काढत फिरले. रात्र रात्र झोपले नाहीत. जो आकडा आपणच खोटा केला, त्याला माणूस एवढा घाबरत नाही.”

त्या थांबल्या. आतापर्यंत भराभर बोलत होत्या, आता शब्द जड झाले.

“तेव्हा मी उलटं बघायला लागले. त्या आकड्याला घाबरलं नाही कोण? डॉक्टर घाबरले. नवरा घाबरला. ही स्वतः इतकी घाबरली की पोटच्या पोरीला जवळ घेईना. एकच माणूस म्हणत होता की हिला काही झालेलं नाही. क्षयाचा संशय असलेल्या बहिणीच्या वाटीतली उष्टी पेज तो प्यायला. ज्याला साधी सर्दीही परवडत नाही, तो. हे नुसतं प्रेम असतं तर मी गहिवरले असते. पण प्रेमाला भीती असते हो. आकडा खोटा आहे हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच ती नसते.”

बहिणीनं हळूहळू मान वळवली.

“ताई, चाप कुणी घट्ट करून दिले?”

“काटेवाल्यांनी,” ताई म्हणाली. “स्वतःहून म्हणाले, आणा इकडे, बसल्या बसल्या करतो. नळी कलती का चालत नाही, हे त्यांनी विचारलं. निळा दोरा कशाला तेही विचारलं. मी सगळं सांगितलं. कुणी विचारलं की मला बरं वाटतं हो.” मग ती थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, “माझी नोकरी गेली असती.”

काटेवाल्यानं मोकळा हात डोळ्यांवर ठेवला. 

“तुमची नोकरी जाऊ दिली नसती,” तो म्हणाला. “हिचं नाव एकदा कटून वेळ टळली की सांगणार होतो, चाप बसवताना माझंच चुकलं म्हणून. आत्ता हे पोकळ वाटतं, ठाऊक आहे मला. तुमचा अपराधी आहे मी.”

डॉक्टर रागानं लाल झाले होते. नको होतं तर संमतीवर सही कशाला केली, असं त्यांनी विचारलं.

“ही समोर उभी होती,” काटेवाला म्हणाला. “आईवडील गेले तेव्हा एवढीशी होती ही. हिला ताप आला की मी रात्रभर उशाशी बसायचो. तिला माझ्यासाठी टेबलावर घालून कापायचं? मी नाही म्हणालो. दहादा म्हणालो. ती म्हणायची, तू गप्प बस, तुला काय कळतंय. सगळे म्हणायचे, काय बहीण आहे. मी नको म्हणतोय हे कुणाच्या कानातच जाईना. मग वाटलं, माझं ऐकत नाही तर आकड्याचं तरी ऐकेल. हिला इजा नाही, कुणाला दोष नाही. मी आपला जाईन सावकाश.”

नवरा दारातून एक पाऊल आत आला आणि तिथंच थांबला. तो ज्या गोष्टीसाठी भांडत होता, त्याच गोष्टीसाठी हा माणूस मरायला निघाला होता. 

बहीण रडत नव्हती. ती खाटेच्या कडेनं पुढे आली.

“तू गेला असतास,” ती म्हणाली. “आणि मी? जन्मभर मला वाटलं असतं की माझ्याच रक्तात खोट होती म्हणून दादा गेला. कुणी कितीही समजावलं असतं तरी वाटलं असतं. मला इजा नाही म्हणतोस?”

काटेवाल्यानं डोळ्यांवरचा हात काढला. सोनाराचा काटा केसाएवढ्या फरकाला सरळ करणारा हा माणूस, पण हे वजन त्यानं कुठल्याच पारड्यात घातलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“हे नव्हतं आलं माझ्या डोक्यात,” तो म्हणाला.

“पोरगी दाराशी बसून रडायची, दादा. मी तिला लांबून बघायचे.”

“मी तिला सांगितलं होतं...”

“तू सांगितलंस. मला नाही सांगितलंस.”

 परिचारिकेनं यंत्राकडे एकदा पाहिलं, त्याच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि मागे सरली. मास्तरांना तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण बाईंनी त्यांची बाही धरून ठेवली होती.

बहीण खाटेच्या कडेवर बसली. या दोन-तीन दिवसांत ती पहिल्यांदाच स्थिर बसलेली बाईंनी पाहिली. पाय हलत नव्हते.

“बरं, मी तुला कधी विचारलं नाही,” ती म्हणाली. “नुसतं ठरवून टाकलं. आता विचारते. नाही म्हणालास तर ऐकेन, भांडणार नाही. माझी किडनी घेशील?”

काटेवाल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं नजर चुकवली, मग पुन्हा वर पाहिलं.

“मला अजूनही पटत नाही,” नवरा म्हणाला. “पण तुम्ही असे गेलात तर ही घरात असून नसल्यासारखी होईल. ते मला चालणार नाही. तुमचं काय ते तुम्ही सांगा.”

 ती वाट बघत राहिली.

“मला भीती वाटते गं,” काटेवाला म्हणाला. “तुला काही झालं तर, याची.”

“मलाही वाटते. पहिल्या दिवसापासून. रोज,” ती म्हणाली. “तूसुद्धा मला कुठे विचारलंस?”

त्यानं तिचा हात धरला. मग डॉक्टरांकडे न बघता, तिच्याकडेच बघत, तो घेईन म्हणाला.